गुरुजींना परिपत्रकं पुरेत, आता पुस्तक द्या

तळोदा तालुक्यातल्या एखाद्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकाचा मोबाइल पाच मिनिटं मागून घ्या. केंद्राचा गट, बीटाचा गट, तालुक्याचा गट, पोषण आहाराचा वेगळा, युडायसचा वेगळा, निवडणुकीच्या कामाचा आणखी वेगळा. प्रत्येक गटात पत्रं. वाकडी स्कॅन केलेली, कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आलेला, वर 'अति तात्काळ' आणि खाली 'निरंक असल्यास निरंक कळवावे'. शिक्षक हे सगळं वाचतो, कारण न वाचून सांगतो कुणाला? म्हणूनच 'आमचे शिक्षक वाचत नाहीत' ही तक्रार मला खोटी वाटते. ते भरपूर वाचतात. त्यांच्या वाचनात त्यांच्याच वर्गातलं मूल सापडत नाही, तक्रार करायची तर ती करा.

अलीकडे त्यात गाईडांची भर पडली. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या शिक्षकांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायचं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडायचं. वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं रात्री प्रश्नसंच सोडवू लागली. निकालाच्या कायदेशीर बाजूवर वकिलांनी बोलावं. मला दिसतं ते एवढं की एका फटक्यात हजारो शिक्षक वाचायला बसले, आणि त्यांच्या पुढ्यात आपण ठेवलं काय, तर चार पर्यायांचं गाईड. त्या गाईडात पियाजे आहे, वायगोट्स्की आहे. कुणाचा सिद्धांत कोणता, जोड्या लावा. मूल भाषेच्या आधारानं विचार करायला शिकतं, हे ज्या वायगोट्स्कीनं आयुष्यभर मांडलं, त्याचं एक पानही या माणसांच्या वाचनात येत नाही. तळोद्याच्या शिक्षकाला तर नेमकं तेच पान हवं होतं.

कारण इथे पहिलीच्या वर्गात बसलेलं मूल घरी काय बोलतं ते पाहा. भिलीची कुठली तरी बोली, पावरी, देहवाली, काही घरांत गुजरी, काही घरांत अहिराणी. 2025 च्या उन्हाळ्यात पहिलीपासून तिसरी भाषा कोणती यावरून अख्खा महाराष्ट्र पेटला. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनमध्ये दुसरा निघाला, 29 जूनला दोन्ही मागे घेतले गेले. लोक मराठीसाठी उभे राहिले याचा मला मनापासून आनंद झाला. पण सातपुड्याच्या पायथ्याशी मराठी हीच मुलाची दुसरी भाषा आहे, हे त्या गदारोळात कुणी फारसं बोललं नाही.

कायदा मुलाच्या बाजूचा आहे. राज्यघटनेचा अनुच्छेद 350अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा म्हणतो. शिक्षण हक्क कायदा, 2009 म्हणतो की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवा. शिकवायचं कसं, ते मात्र शिक्षकाला कुणी सांगितलेलं नाही. डी.एड.ला 'मराठीचं अध्यापन' हा विषय असतो. तो मुलाला मराठी येतेच असं धरून चालतो. शिक्षक कुणी धुळ्याकडचा, कुणी बीड-लातूरचा. पहिल्या दिवशी त्याला मुलांचं कळत नाही, मुलांना त्याचं कळत नाही, आणि दोघांच्या मधे पाठ्यपुस्तक. वर्ष सरतं, मूल गप्प राहतं, आणि शेरा पडतो 'अप्रगत'. या शेऱ्याचा मला राग येतो. जे मूल घरी धाकट्या भावंडांना सांभाळतं, बाजारात मिरचीचा भाव करतं आणि सतरा प्रकारच्या झाडांची नावं सांगतं, त्याला अप्रगत म्हणण्याचा हक्क आपल्याला कुणी दिला?

या अडचणीवर पुस्तकं आहेत, आणि मराठीत आहेत. सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर ही न्यूझीलंडमधली शिक्षिका माओरी मुलांच्या शाळेत शिकवायची. तिच्या हाती पडलेली वाचनाची पुस्तकं इंग्रज घरातली. मुलांची घरं वेगळीच. तिनं पुस्तकं बाजूला सारली. रोज सकाळी एकेका मुलाला जवळ घेऊन विचारायचं, आज तुला कोणता शब्द हवा? मूल जो सांगेल तो जाड कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरात लिहायचा आणि पट्टी त्याच्या हातात द्यायची. भीतीचा शब्द, मायेचा शब्द, घरातल्या भांडणाचा शब्द. दुसऱ्या दिवशी मुलाला तो वाचता आला तर पट्टी त्याची. नाही आला तर तो शब्द त्याला खरा हवा नव्हता, पट्टी फाडून टाकायची. मुलं अशी वाचायला लागली. 'टीचर' हे तिचं पुस्तक 1963 मध्ये आलं आणि त्याचा मराठी अनुवादही झाला. जाड कागद, काळा खडू आणि कान एवढंच भांडवल लागतं. सोमावल किंवा रोझव्याच्या शाळेत हे उद्या सकाळी सुरू करता येईल. उसाच्या तोडीसाठी आई-बाप गुजरातेत गेलेत आणि मूल आजीपाशी राहिलंय, तर ते कोणता शब्द मागेल, याचा जरा विचार करा. आणि आपण त्याला 'कमळ' आणि 'बदक' देतो.

दुसरं पुस्तक घरचंच आहे. गिजुभाई बधेका वकिली सोडून भावनगरच्या दक्षिणामूर्तीत शिकवायला गेले. त्यांचं 'दिवास्वप्न' मूळ गुजराती, मराठीतही मिळतं. चौथीचा वर्ग वर्षभर हातात घेणारा लक्ष्मीराम मास्तर पहिल्यांदा गोष्ट सांगतो, तीही दिवसेंदिवस चालणारी, आणि मग वर्ग त्याचा होतो. तळोद्याहून थोडं पुढं गेलं की कुकरमुंडा, म्हणजे गुजरात. गुजरातचा मसाला, गुजरातचं कापड आपल्या बाजारात सहज येतं. गिजुभाई तेवढे यायचे राहिले.

तिसरं 'प्रिय बाई'. इटलीतल्या बार्बियाना नावाच्या डोंगरातल्या वाडीत, नापास करून शाळेबाहेर काढलेल्या आठ मुलांनी 1967 मध्ये आपल्या बाईंना लिहिलेलं हे पत्र. रडगाणं मुळीच नाही. या पोरांनी शाळांचे आकडे गोळा केले, कोणाची मुलं नापास होतात आणि कोणाची पुढे जातात ते मोजलं आणि व्यवस्थेला दाखवलं: तुम्ही शेतकऱ्याच्या पोरांना गाळता. 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता 64 टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी, तेव्हा राज्याचा आकडा 82 होता. ज्या जिल्ह्याची ही अवस्था, तिथल्या शिक्षकानं हे पत्र वाचलेलं नसणं मला मान्य नाही.

आता कुणी म्हणेल, शाळेत ग्रंथालय आहे की. आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलंय की प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवं, त्यात वर्तमानपत्रं, मासिकं आणि गोष्टींसह सर्व विषयांची पुस्तकं हवीत. समग्र शिक्षा अभियानातून प्राथमिक शाळेला त्यासाठी 5 हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात. हे सगळं होतं आणि पुस्तकं येऊन लोखंडी कपाटात जातात. कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांकडे. मी अशी कपाटं उघडून पाहिली आहेत. दार करकरतं, आत पुस्तकांच्या पाठी एकमेकींना चिकटलेल्या, पहिल्या पानावर शाळेचा गोल शिक्का आणि नोंदवहीतला क्रमांक, आणि त्या पानानंतर कुणाचंही बोट लागलेलं नाही. कारण पुस्तक डेडस्टॉकला चढलेलं. बाक, वजनकाटा, घंटा आणि पुस्तक, सगळं एका रजिस्टरात. हरवलं तर तपासणीत शेरा, आणि पैसे खिशातून भरायचे. मग कोणता मुख्याध्यापक पुस्तक वाटेल? कुलूप लावणाऱ्याला मी दोष देणार नाही. ज्यांनी वाचून फाटलेलं पुस्तक आणि चोरीला गेलेला पंखा यांना एकच नियम लावला, त्यांना देतो.

त्यातही जी थोडी आहेत ती मुलांसाठी. शिक्षकानं वाचावं म्हणून घेतलेलं पुस्तक शाळेत शोधून काढा बरं.

पूर्वी हे असं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात मराठी शाळांसाठी 'शालापत्रक' नावाचं मासिक निघायचं आणि ते चालवायचे कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्यानंतर विष्णुशास्त्री. म्हणजे मराठीतला सर्वांत धारदार निबंधकार शाळामास्तरांसाठी लिहीत होता. सरकारला ते सोसलं नाही आणि 1875 मध्ये ते बंद पडलं. विसाव्या शतकात तीसच्या दशकात ताराबाई मोडकांनी मराठी 'शिक्षणपत्रिका' चालवली. पुढं बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्यावर त्यांनी वारली मुलं गुरं चारायला जातात म्हणून शाळाच कुरणात नेली. त्यांच्या सहकारी अनुताई वाघांचं 'कोसबाडच्या टेकडीवरून' त्या सगळ्या धडपडीचं पुस्तक. वारल्यांच्या मुलांसाठी जे त्यांनी केलं, ते भिल्ल-पावरांच्या मुलांसाठी करायचं म्हणणाऱ्यानं आधी ते वाचायला हवं. कोल्हापुरात लीलाताई पाटलांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय काढलं आणि शिकवता शिकवता शिक्षकांसाठी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. वाडा तालुक्यात सोनाळ्याला क्वेस्ट ही संस्था आदिवासी भागातल्या मुलांच्या वाचन-लेखनावर काम करते. तिथले नीलेश निमकर यांचं 'शिकता शिकविता' हे वर्गात उभं राहून लिहिलेलं पुस्तक आहे. त्यात उपदेश सापडणार नाही, मुलं काय बोलली आणि मास्तरनं मग काय केलं ते सापडेल.

आणि नर्मदेच्या काठावरचीच एक हकीकत. मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात 1972 मध्ये 16 शाळांत विज्ञानशिक्षणाचा एक कार्यक्रम सुरू झाला. मुलांनी प्रयोग करून शिकायचं, शिक्षकांनी दर महिन्याला एकत्र बसून काय जमलं, काय फसलं ते बोलायचं. या शिक्षकांचं स्वतःचं 'होशंगाबाद विज्ञान' नावाचं पत्रक निघायचं. खेड्यातल्या मास्तरांचे प्रश्न त्यात यायचे. तीस वर्षं चाललेला हा कार्यक्रम 2002 मध्ये सरकारनं बंद केला. त्यातून उभ्या राहिलेल्या एकलव्य संस्थेनं हिंदीत 'शैक्षणिक संदर्भ' काढलं, आणि त्याच वाटेनं पुण्याहून मराठी 'शैक्षणिक संदर्भ' निघू लागलं. 'पालकनीती' 1987 पासून निघतंय. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचं 'जीवन शिक्षण' आहे, राज्य मंडळाचं 'शिक्षण संक्रमण' आहे. मासिकांचा दुष्काळ मराठीत नाही. तळोद्याच्या शिक्षकांच्या खोलीत टेबलावर पडलेला एक अंक दाखवा, एवढंच माझं म्हणणं.

आपल्या मातीतलं शिक्षकाला कोण देणार? याच तालुक्यात मोरवडला गुलाम महाराज होऊन गेले. 1937-38 च्या त्यांच्या आप चळवळीनं हजारो आदिवासींना दारू सोडायला लावली, एकमेकांना 'आप' म्हणायला शिकवलं. मोरवडपासून हाकेच्या अंतरावर शिकवणाऱ्या शिक्षकाला इतिहासाच्या तासाला सांगायला याहून मोठं काय हवं? शहादा तालुक्यातल्या वाहरू सोनवणे यांच्या भिली कवितांचा 'गोधड' हा संग्रह 1987 चा. चौथीच्या मुलांना आपल्या भाषेत कवी असतात हे कळू द्या. अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा महाराष्ट्र खंड 2013 मध्ये पद्मगंधानं काढला. सातपुड्यातल्या बोलींची ओळख त्यात आहे. नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून चिमलखेडी, निमगव्हाणसारख्या गावांत स्थानिक तरुणांना शिक्षक केलं आणि पावरीत पुस्तकं तयार केली. नर्मदेवरच्या धरणात ही गावं बुडाली, लोक तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतींत आले. त्यांची मुलं आता आपल्या सरकारी शाळांत आहेत. ती पुस्तकं त्या शाळांत का नाहीत? राजकारण बाजूला ठेवून कुणीतरी याचं उत्तर द्यावं.

फुकटही बरंच आहे. अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर शिक्षणावरची मराठी पुस्तकं विनामूल्य उतरवून घेता येतात. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर'वर पावरीतल्याही गोष्टी आहेत, त्या छापून वाटायला परवानगी विचारावी लागत नाही. बालभारतीच्या 'किशोर'चे 1971 पासूनचे जुने अंक संगणकावर वाचता येतात. पण फुकट म्हटलं की साहेब लोक लगेच दुवा गटात टाकतात आणि काम झालं असं समजतात. डोंगराकडच्या पाड्यावर रेंज यायला टेकडी चढावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानं शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. त्यातलं पुष्कळसं मोबाइलवर होतं. व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासणारे शिक्षक मी पाहिलेत. व्हिडिओ संपला की प्रमाणपत्र येतं. त्या तासांतले दहा तास कागदावर छापलेल्या पुस्तकासाठी धरा, तेही प्रशिक्षणच समजा, आणि मग फरक बघा.

शिक्षकांनाही एक सांगायचंय. वेळ नाही, हे निम्मं खरं आहे. जनगणना, निवडणूक, माहितीचे तक्ते यांत तुमचा जीव जातो आणि त्याविरुद्ध तुम्ही बोललंच पाहिजे. पण शिक्षण हक्क कायद्यानं आठवड्याचे 45 तास धरलेत ते तयारीच्या तासांसकट. वाचन ही तयारी आहे. संघटनांनी वेतन आयोगासाठी मोर्चे काढले, बदल्यांसाठी काढले, निवृत्तिवेतनासाठी काढले, सगळं रास्त. 'आमच्या केंद्राला पुस्तकं द्या' या मागणीसाठी निघालेला मोर्चा मला अजून बघायचाय. डॉक्टर नवं औषध वाचत नाही म्हटलं तर आपण दुसरा डॉक्टर गाठतो. पाड्यावरच्या आई-बापाला दुसरा शिक्षक गाठता येत नाही.

मागणी मोठी नाही. नंदुरबार 2018 पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे, तळोद्यात आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, त्याच्या हाताखाली आश्रमशाळा आहेत, गट साधन केंद्र आहे. पैसा नाही हे कुणी सांगू नये. प्रत्येक केंद्राला पत्र्याची एक पेटी द्या, तीत वर सांगितलेल्यांतली पंधरा-वीस पुस्तकं आणि दोन मासिकं. पेटी दर महिन्याला पुढच्या शाळेत जाईल. गटशिक्षणाधिकाऱ्यांनी एका ओळीचं लेखी पत्र काढावं: या पेटीतलं पुस्तक वाचून फाटलं किंवा हरवलं तर वसुली नाही. या एका ओळीनं जेवढी कपाटं उघडतील तेवढी कुठल्याही वाचन प्रेरणा दिनानं उघडलेली नाहीत. दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत पहिला अर्धा तास कुणीही माहिती मागायची नाही. एका शिक्षकानं किंवा बाईंनी एक प्रकरण मोठ्यानं वाचायचं, आणि 'माझ्या वर्गात हे असं झालं' असं बाकीच्यांनी बोलायचं. त्यातलं चांगलं कुणीतरी लिहून घ्यावं, आठ पानांचं पत्रक करावं आणि झेरॉक्स काढून वाटावं. कोणत्या मुलानं कोणता शब्द मागितला, पावरीत विचारल्यावर गणित कसं पटकन सुटलं, ऊसतोडीहून परतलेलं मूल वर्गात कसं बसलं. हे ज्ञान पुण्याच्या कुठल्याही संस्थेकडे नाही. ते तळोद्याच्या शिक्षकांकडे आहे आणि त्यांच्या निवृत्तीबरोबर ते संपतं.

सरकारनं पेटी दिली नाही तर आपण थांबायचं का? हे सदर वाचणाऱ्यांत तळोदा, शहादा, नंदुरबारहून शिकून पुण्या-मुंबईत, सुरतेत स्थिरावलेले पुष्कळ जण आहेत. 5 सप्टेंबरला आपल्या जुन्या शाळेत जाऊन शिक्षकांचा शाल-नारळानं सत्कार करता, फोटो काढता. यंदा त्या पैशात 'पालकनीती' किंवा 'शैक्षणिक संदर्भ'ची वर्षाची वर्गणी भरा, जोडीला 'दिवास्वप्न'ची एक प्रत पाठवा. पहिल्या पानावर लिहा की हे पुस्तक शिक्षकांनी वाचण्यासाठी आहे, नोंदवहीत चढवू नये. पत्ता शाळेचा द्या. तळोद्याचा पिनकोड 425413.